एकही मूळ मालिका वाचली नसेल तर 'लेजंड्स' घ्यावं का?

प्रश्न: रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेला 'लेजंड्स' हा फॅन्टसी लघुकादंबऱ्यांचा संग्रह जुन्या पुस्तकांत स्वस्तात मिळतोय. वाचकांची मतं मात्र दोन टोकांची आहेत. यातल्या कुठल्याच लेखकाची मालिका मी वाचलेली नाही, फक्त 'गेम ऑफ थ्रोन्स' टीव्हीवर पाहिलंय. घ्यावं का?

उत्तर:

घ्या. फक्त सलग वाचायला बसू नका. आणि मतं वाचताना ती देणारा माणूस कोणत्या लेखकाचा भक्त आहे, तेवढं आधी बघा. या पुस्तकाबद्दलची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

१९९८ साली हे पुस्तक आलं तेव्हा त्यामागची कल्पना साधी होती. अकरा नावाजलेले लेखक, प्रत्येकाने आपापल्या गाजलेल्या मालिकेच्या जगात घडणारी एक नवी दीर्घकथा लिहायची. जुन्या वाचकाला काहीतरी नवं मिळेल आणि नव्या वाचकाला त्या जगाची चव कळेल. प्रत्येक कथेच्या आधी मालिकेची थोडक्यात ओळखही दिली आहे. आता गोम अशी, की हे दोन वाचक एकाच कथेत खूश होणं फार अवघड. जुन्याला खाणाखुणा हव्या असतात, आणि त्याच खाणाखुणांपाशी नवा अडखळतो. म्हणून एकाच कथेला एक जण पाच तारे देतो आणि दुसरा 'काही कळलं नाही' म्हणून पुस्तक मिटतो. दोघंही खरंच बोलत असतात. एकूण पुस्तकाबद्दल म्हणाल तर १९९९ मध्ये सर्वोत्कृष्ट संग्रहाचा लोकस पुरस्कार (विज्ञानकथा-फॅन्टसीतला नावाजलेला पुरस्कार) याला मिळाला, आणि तो वाचकांच्या मतदानावर ठरतो.

बहुतेक सगळ्यांचं एकमत होतं ते 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'द हेज नाइट'वर, आणि तुम्ही तर तिथूनच सुरुवात करायची. तुम्ही पाहिलेल्या मालिकेच्या साधारण नव्वद वर्षं आधीची गोष्ट आहे. डंक नावाचा धिप्पाड, जरा भोळा पोरगा. त्याचा म्हातारा सरदार रस्त्यातच मरतो. डंक त्याला पुरतो, त्याची ढाल-तलवार आणि घोडे घेतो आणि थेट सरदारांच्या स्पर्धेत उतरायला निघतो. वाटेत टक्कल केलेला एक आगाऊ पोरगा त्याच्या गळ्यात पडतो. अंगावर धड बसेल असं चिलखत हवं तर पैसे लागणार, म्हणून डंक एक घोडी विकतो. आणि मिळालेल्या पैशातलं एक नाणं तिथेच परत देऊन सांगतो, आज रात्री हिला ओट घाला, आणि एक सफरचंदही द्या. या माणसाची बाजू आपण का घ्यायची, ते त्या एवढ्याशा प्रसंगात ठरून जातं. पुढे राजपुत्र येतात, सात विरुद्ध सात अशी लढत होते, सगळं होतं. पण मला विचाराल तर कथा त्या घोडीपाशीच जिंकलेली असते. गंमत म्हणजे हे पुस्तक निघालं तेव्हा मार्टिन यांच्या मालिकेचा जेमतेम एक खंड बाजारात होता. त्यामुळे वाचकाला सगळं माहीत आहे असं गृहीत धरायची सोयच त्यांना नव्हती. कथा स्वतःच्या पायावर उभी आहे ती बहुधा त्यामुळेच. आता तिच्यावर स्वतंत्र टीव्ही मालिकाही आली आहे.

दुसरी टेरी प्रॅचेट यांची 'द सी अँड लिटल फिशेस'. चेटकिणींची वार्षिक स्पर्धा असते आणि ग्रॅनी वेदरवॅक्स दरवर्षी जिंकते. मग कमिटीतल्या बायका तिच्या घरी येऊन गोड शब्दांत सुचवतात, की यंदा तुम्ही भाग घेतला नाहीत तर बरं, बाकीच्यांनाही संधी मिळेल. ग्रॅनी ऐकते. एवढंच नाही, ती सगळ्यांशी छान वागायला लागते, आणि साऱ्या गावाची पाचावर धारण बसते. ज्याने सोसायटीची एक तरी मीटिंग पाहिली आहे त्याला यासाठी कुठलीही मालिका वाचायची गरज नाही. प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेचे जुने वाचक 'फारच छोटी आहे' अशी तक्रार करतात. करू देत.

स्टीफन किंग यांची 'द लिटल सिस्टर्स ऑफ एलुरिया' पुस्तकात पहिलीच आहे. बंदूकधारी रोलंड शुद्धीवर येतो तेव्हा एका पांढऱ्या तंबूत झोळीत लटकत असतो. आजूबाजूला रिकाम्या खाटांच्या रांगा, सेवेला नन. आणि पाठीच्या जखमांवर काळे किडे वळवळतायत, तेच त्याच्यावर उपचार करतायत. ही भयकथा म्हणून वाचा, किंग यांची 'डार्क टॉवर' मालिका माहीत नसली तरी अंगावर काटा येतो.

खरा वाद उर्सुला ले ग्विन यांच्या 'ड्रॅगनफ्लाय'वरून होतो. माझ्या मते भाषेच्या आणि विचाराच्या दृष्टीने पुस्तकातली ही सर्वात कसदार कथा, आणि तरीही तुम्हाला सांगेन की ती तूर्तास बाजूला ठेवा. आयरियन नावाची मुलगी, जिथे फक्त पुरुषांना प्रवेश आहे अशा रोकच्या जादूविद्यालयाच्या दारात येऊन उभी राहते. आत घ्यायचं की नाही यावरून गुरुजनांत फूट पडते. ती फूट किती खोल आहे हे कळायला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेतल्या याआधीच्या चार कादंबऱ्या, त्यातही 'तेहानू', वाचलेल्या हव्यात. नाहीतर शेवट हवेतून पडल्यासारखा वाटतो, आणि नेमकी हीच तक्रार नव्या वाचकांच्या मतांत दिसते. दोष कथेचा नाही, क्रमाचा आहे. आधी अर्थसी वाचा, मग हिच्याकडे या.

रॉबर्ट जॉर्डन यांची 'न्यू स्प्रिंग' अगदी शेवटी आहे. त्यांच्या 'व्हील ऑफ टाइम' मालिकेचे तोवर सात जाडजूड खंड आलेले होते आणि त्यातली मॉयरेन आणि लॅन ही पात्रं पहिल्यांदा कशी भेटली हे जाणून घ्यायला भक्त आसुसलेले होते. त्यांच्यासाठी हीच एक कथा पुस्तकाची किंमत वसूल करणारी होती. नव्या माणसाला मात्र नावांचा नुसता भडिमार वाटेल. शिवाय जॉर्डन यांनी २००४ मध्ये हिचीच पूर्ण कादंबरी केली, त्यामुळे आज भक्तांनाही इथली आवृत्ती तितकीशी लागत नाही. टेरी गुडकाइंड यांच्या 'डेट ऑफ बोन्स'मध्ये एक बाई मेलेल्या आईची हाडं गोणीत घालून जादूगाराकडे जुनं देणं मागायला येते. सुरुवात झकास, पुढे भाषणं फार.

उरलेल्या पाच कथांबद्दल थोडक्यात. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 'ग्रिनिंग मॅन' म्हणजे अस्वलाशी दात विचकण्याची पैज लावणारा बहाद्दर, एक चांगली थाप. अॅन मॅकॅफ्री यांची 'रनर ऑफ पर्न' निरोप पोचवणाऱ्या धावक मुलीची, गोड आहे. पण पर्न मालिकेतल्या ड्रॅगनांच्या आशेने येणारे हिरमुसतात. रेमंड फीस्ट यांची 'द वुड बॉय' कडू आणि आटोपशीर. टॅड विल्यम्स यांची 'द बर्निंग मॅन' संथ, पण पावसाळी दुपारी लागते. आणि संपादकमहाशयांची स्वतःची, उत्खननातल्या खुनाची कथा. ती मला कंटाळवाणी वाटली, त्यांच्या मजीपूर मालिकेचे चाहते मला फाडून खातील.

थोडक्यात, दिवाळी अंक वाचतो तसं वाचा: अनुक्रमणिका उघडायची, आवडता लेखक आधी, बाकीचे सवडीने, एखादा राहिला तरी चालतो.

घेताना एक बघा. मूळ पुस्तक सातशेच्या वर पानांचं, म्हणून पेपरबॅकमध्ये ते तुकडे करून विकलं गेलं. शिवाय २००३ मध्ये सिल्व्हरबर्ग यांनीच 'लेजंड्स २' असा वेगळा संग्रह काढला, त्यात नील गेमन, रॉबिन हॉब वगैरे आहेत आणि डंकची पुढची गोष्टही त्यातच आहे. त्यामुळे मुखपृष्ठावर दोनचा आकडा दिसला तर तो पहिल्या पुस्तकाचा दुसरा तुकडा की दुसरं पुस्तक, हे विक्रेत्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. अनुक्रमणिकेचा फोटो मागवा. त्यात 'द हेज नाइट' नसेल तर तुमच्यासाठी ती प्रत नाही.