दुचाकीवर दोन मुले : कायदा काय म्हणतो?

प्रश्न : माझी मुलगी साडेसहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. दोघांना मी एकाच स्कूटरवरून शाळेत सोडते. मुलगा पुढे पाय ठेवण्याच्या जागेत उभा राहतो, मुलगी मागे बसते. एवढ्या लहान मुलांना हेल्मेट लागते का? आणि हा प्रवास ‘ट्रिपल सीट’ ठरतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पालकांची समजूत तेथेच चुकते. एसटीत लहानग्याचे अर्धे तिकीट निघते, तसा हिशेब दुचाकीवर चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार चालकाला स्वतःखेरीज एकाच व्यक्तीला नेता येते, तेही आपल्या मागे, गाडीला पक्क्या बसवलेल्या आसनावर बसवून. आणि या कलमात वयाची कोणतीही सवलत नाही. म्हणजे आपला प्रवास ‘ट्रिपल सीट’ ठरतोच, शिवाय मुलगा एकटा असता तरी त्याला पुढे उभे करणे नियमात बसले नसते. त्यासाठी कलम १९४-क मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता सांगितली आहे. दंडापेक्षा मला काळजी वाटते ती अचानक ब्रेक लागण्याची : त्या क्षणी पुढे उभ्या असलेल्या मुलाचे तोंड थेट हँडलवर आदळते आणि त्याला सावरायला चालकाचा एकही हात मोकळा नसतो.

हेल्मेटचे म्हणाल, तर कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे. त्यामुळे मुलीला आयएसआय चिन्हाचे, तिच्या मापाचे आणि हनुवटीखाली पट्टा बांधलेले हेल्मेट हवेच. मोठ्यांचे हेल्मेट तिला घालणे व्यर्थ आहे, कारण सैल हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही. चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी वेगळा नियम केला आणि तो वर्षभराने अमलात आला. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला मापाचे हेल्मेट घालावे लागते, ते सायकलचेही चालते. मुलाला जाकिटासारख्या सुरक्षा पट्ट्याने चालकाशी बांधून घ्यावे लागते, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. असा पट्टा हलका, जलरोधक आणि ३० किलो वजन पेलणारा असावा, अशी नियमाची अट आहे. ओढणीने मूल पाठीशी बांधणे हा त्याला पर्याय नव्हे. सुटलेली ओढणी मागच्या चाकात गुंतली की काय होते, हे वेगळे सांगायला नको.

मुलांना दोन फेऱ्यांत सोडणे किंवा एकाला रिक्षाने पाठवणे गैरसोयीचे आणि खर्चिकही आहे, याची मला कल्पना आहे; तरीही याहून सोपी वाट मला सुचवता येत नाही.

प्रश्न : सतरा वर्षांच्या मुलाने ११० सीसीची स्कूटर शिकाऊ परवान्यावर चालवावी का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरती आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.