टाकीवाले आणि स्टेशनवाले एक झाले तर?

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, तालुक्याचं, नाव छापू नका प्लीज. गावात पोरांचे दोन फुटबॉल क्लब आहेत. एक पाण्याच्या टाकीजवळचा, त्याला सगळे टाकीवालेच म्हणतात, आणि दुसरा स्टेशनकडचा. माझी मुलगी टाकीवाल्यांकडे खेळते आणि मी तिथं खजिनदार आहे. आमच्याकडे लहान पोरं भरपूर, मुलींची टीम पण आहे, महिन्याला तीनशे फी घेतो, पण ग्राउंड शाळेचं, ते कधी पण बंद करतात. स्टेशनवाल्यांचं ग्राउंड स्वतःचं आहे, रेल्वेतून रिटायर झालेले एक काका फुकट शिकवतात, पण पोरं कमी झालीत. दहावी झाली की पोरं कोटा नाहीतर पुणे-नाशिक, त्यामुळे मोठ्या गटात ना त्यांचे अकरा भरतात ना आमचे. आता दोन्हीकडचे म्हणतायत एकच क्लब करू. पण मीटिंग बसली की नाव काय आणि अध्यक्ष कोण यावरच अडते, मागच्या वेळी तर चहा यायच्या आत लोक उठून गेले. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात अध्यक्षाची गरज असलेली एकही अडचण नाहीये. मोठी पोरं कमी पडतायत, तुम्हाला ग्राउंड नाही आणि त्यांच्याकडे लहान पोरं नाहीत, एवढंच. म्हणून आधी टीम एक करा, संस्था मागून येऊ द्या. उलटं केलं की काय होतं ते तुम्ही बघितलंच, आपल्याकडे मीटिंगमध्ये सगळे मोठ्या मनाचे असतात पण आतून प्रत्येकाचं चाललेलं असतं की मन्हं ते मन्हं नि तुन्हं ते बी मन्हंच.

यंदाचा एक सीझन फक्त मोठा गट एकत्र खेळवा. नियमाप्रमाणे सातपेक्षा कमी खेळाडू असले तर मॅच सुरूच होत नाही, आणि आठ-नऊ पोरांवर ज्यांनी सीझन काढलाय त्यांना माहितीये की एकाला ताप आला आणि एकाचा क्लासचा टेस्ट निघाला की संपलं. दोघांची मिळून सोळा-सतरा पोरं होतील, म्हणजे बेंचवर पण माणूस दिसेल. एंट्री कोणाच्या नावाने टाकायची ते जिल्हा संघटनेला आधी लेखी विचारा, तोंडी नको. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये, ज्याला सगळे सीआरएस म्हणतात, पोरगं ज्या क्लबच्या नावावर नोंदलेलं असतं तिकडून दुसरीकडे न्यायला रीतसर ट्रान्सफर लागतं, ते ऐनवेळी करायला गेलात तर पोरगं बाहेर बसेल. पालक विचारतील की मग शाळेच्या स्पर्धांचं काय. त्यांना सांगा, सुब्रतो कप असो की जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा, तिथं पोरं शाळेच्या नावाने उतरतात, क्लब कुठला त्याचा संबंध नाही. दहावी-बारावीच्या ग्रेस मार्कांचा प्रस्ताव पण शाळेकडूनच जातो.

आणि एक, पहिला महिनाभर टाकी विरुद्ध स्टेशन अशी प्रॅक्टिस मॅच अजिबात लावू नका. लोकांना फार हौस असते बघायची की कोण भारी. बिब, म्हणजे टीम ओळखायला वरून घालायची रंगीत बंडी, वाटताना मुद्दाम मिसळून वाटा, गोलकीपर त्यांचा असला तर त्याच्या पुढचे दोन डिफेंडर तुमचे. एकमेकांना नावाने ओरडून बॉल मागायला लागले की निम्मं मर्जर झालंच समजा.

आता संस्था. पहिल्यांदा दोन्हीकडचे कागद एका टेबलावर ठेवा, कारण तालुक्याच्या गावात बऱ्याचदा क्लब म्हणजे एक रबरी शिक्का आणि अध्यक्षांच्या नावाचं बँक खातं एवढंच निघतं. संस्था खरंच नोंदलेली असेल तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली एक नंबर असतो आणि धर्मादाय कार्यालयाचा एफ नंबर असतो. मग बघा चेंज रिपोर्ट. कमिटी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, तो वर्षानुवर्षं कोणी टाकत नाही आणि मग रेकॉर्डवर अजून वारलेले गृहस्थच अध्यक्ष असतात. असं असेल तर तुमच्या ठरावावर सही करायला कायद्याने माणूसच नाही. आधी हे निस्तरा, बाकी सगळं त्याच्या मागे.

तिसरा कागद ग्राउंडचा. स्वतःचं म्हणजे नेमकं कोणाचं? सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून बघा, संस्थेच्या नावावर आहे, एखाद्या माणसाच्या नावावर आहे की नगरपालिकेने भाड्याने दिलंय. भाड्याचं असलं तर करार पूर्ण वाचा, दुसऱ्याला वापरायला देता येणार नाही अशी अट बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात असते. संस्थेच्याच नावावर असलं तर ते विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते.

म्हणून माझं सरळ मत असं की ज्याच्याकडे जमीन आहे ती संस्था ठेवा आणि दुसरी तिच्यात आणा, म्हणजे जमीन हलवावीच लागत नाही. तुमच्या बाजूच्या लोकांना हे कडू वाटेल, की म्हणजे आम्ही त्यांच्यात गेलो. पण संस्थेचं नाव नंतर ठराव करून बदलता येतं, घटना दुरुस्त करून कमिटीत निम्म्या जागा तुम्हाला ठेवता येतात, आणि हे दोन्ही आधी लिहून घेतलं तर गेलो-आलो असं काही राहत नाही. दोन्ही संस्था नोंदलेल्या असतील तर सोसायटी कायद्याचं कलम १२ वाचा. विलीनीकरणाचा प्रस्ताव सभासदांना दहा दिवस आधी लेखी पोचवायचा, खास सभेत तीन पंचमांश मतं लागतात, आणि महिन्याने दुसरी सभा घेऊन तीन पंचमांशनेच ते पक्कं करायचं. महिन्याचं अंतर हे लोकांना डोकेदुखी वाटते पण मला आवडतं, गरम डोक्याने झालेला हो तेवढ्यात थंड होतो. विश्वस्त कायद्यात पण कलम ५०अ आहे, त्यात धर्मादाय आयुक्त दोन संस्थांची मिळून एक योजना करून देऊ शकतात. हे काम वकिलाचं आहे, घटना लिहिता येते म्हणून गल्लीतल्या हुशार माणसाकडून करून घेऊ नका. आणि दोघांपैकी एक नोंदलेलीच नसेल तर एवढं काहीच नाही, त्यांनी आपलं खातं बंद करून हिशोब दाखवायचा आणि दुसरीकडे सभासद व्हायचं.

फीबद्दल तुम्ही काही विचारलं नाही पण खरं भांडण तिथंच होणार आहे. तुमच्याकडे तीनशे, तिकडे शून्य. उद्या एकत्र झाल्यावर सगळ्यांना तीनशे लावले की पहिली गळणारी पोरं कोणाची, ते काकांना विचारा, ते नावं घेऊन सांगतील. आणि तीच पोरं बहुतेक अनवाणी खेळून पण तुमच्या फीवाल्या पोरांना बॉल लागू देत नसतील. त्यामुळे आज जे फुकट येतायत त्यांना क्लब सोडेपर्यंत फुकटच, फी फक्त नव्या ॲडमिशनला, आणि त्यात पण माफीची सोय खजिनदार आणि कोच दोघांनी मिळून गुपचूप करायची, मीटिंगमध्ये कोणाच्या बापाचं उत्पन्न वाचायचं नाही. काकांना मानधन चालेल का हे त्यांना एकट्याला बसून विचारा. काहींना पैसे दिले तर अपमान वाटतो, काहींना वर्षानुवर्षं कोणी विचारलंच नाही याचा राग असतो. त्यांच्या हाताखाली एखादा तरुण महासंघाच्या डी लायसन्स कोचिंग कोर्सला पाठवा, तो खर्च दोन्ही क्लबने अर्धा-अर्धा केला तर एकत्र येण्याचं ते पहिलं खरं काम होईल.

ग्राउंड मिळालं म्हणून हुरळून पण जाऊ नका. आपली काळी माती, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि मे महिन्यात भेगांत पाय मुरगळतो. मुरूम, रोलर, फक्की, पाण्याचा टँकर, ह्याचा खर्च आता तुमचा पण आहे. आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत उन्हाळी कॅम्प आठच्या आत आटपावा लागतो, म्हणजे एका ग्राउंडवर दीड-दोन तासांत सगळे गट बसवायचे.

प्रश्न : ह्यात मुलींच्या टीमचं काय होईल? तिकडे मुली नाहीतच.

उत्तर : हीच भीती खरी आहे ताई, कारण वेळ कमी पडली की पहिल्यांदा मुलींचा स्लॉट जातो, आणि कोणी मुद्दाम करतं असं पण नाही, फक्त "आज मोठ्यांची मॅच आहे, तुम्ही उद्या या" असं होत जातं. त्यांचे दिवस आणि वेळ ठरावातच घाला, सोयीनुसार हा शब्द येऊ देऊ नका. ग्राउंडवर त्या वेळी एक मोठी बाई हजर पाहिजे, कपडे बदलायला बंद खोली आणि चालू संडास पाहिजे, स्टेशनकडे ते नसेल तर आधी ते बांधा. आणि कोच कितीही ओळखीचा असला तरी पोलीस व्हेरिफिकेशन सगळ्यांचं, काकांचं पण.

प्रश्न : नावाचं तरी सांगा ना, दोन्हीकडचे हट्टाला पेटलेत.

उत्तर : हट्ट मोठ्यांचा पण असतो. २०२० मध्ये कोलकात्याचे दोन क्लब, एटीके आणि मोहन बागान, एकत्र आले, नाव ठेवलं एटीके मोहन बागान. हिरवी-मरून जर्सी ठेवली तरी १८८९ पासूनच्या क्लबच्या नावापुढे दुसरं नाव लागलं हे लोकांना पचलं नाही, ते हटवा म्हणून आंदोलनं झाली, आणि २०२३ मध्ये एटीके काढून मोहन बागान सुपर जायंट करावं लागलं. इटलीत १९४६ मध्ये सांपिएरदारेनेसे आणि आंद्रेआ दोरिया एक झाले, त्यांनी दोन्ही नावं जोडून सांपदोरिया केलं आणि दोघांचे रंग एकाच जर्सीवर पट्ट्यात आणले, ती जर्सी अजून तशीच आहे. पॅरिसचा पीएसजी पण १९७० मध्ये दोन क्लब जोडूनच झाला, आणि दोन वर्षांत त्यातून पॅरिस एफसी परत वेगळा झाला. म्हणजे चालतं पण आणि फुटतं पण.

तुमच्याकडे मी काय करेन, जोडनावच घेईन, आणि कोणाचं आधी ते नाणं उडवून ठरवीन, पोरांच्या समोर. जर्सी नवीन शिवू नका यंदा, दोन्हीकडच्या जुन्या वापरून संपवा, होम मॅचला एक आणि बाहेर दुसरी. अध्यक्षपद पहिली दोन वर्षं एका बाजूला आणि खजिनदार दुसऱ्या बाजूचा, मग अदलाबदल. बँकेतली शिल्लक आपापसात वाटून घेऊ असं जे कोणी सुचवत असेल त्याला तिथंच थांबवा, संस्था बंद करताना उरलेला पैसा सभासदांना वाटता येत नाही, तो दुसऱ्या संस्थेलाच द्यावा लागतो. सोसायटी कायद्याच्या कलम १४ मध्येच तसं लिहिलंय, आणि खजिनदार म्हणून तुमचीच सही त्यावर असणार.