दोन रंगांची टोपी, मोजे आणि ब्लँकेट विणून झालं, पण मागे धाग्यांचा गुंता आणि पुढे चुण्या आहेत. आता नीट पूर्ण कसं करायचं?

तुमच्या तक्रारी चार आहेत: टोपीच्या नक्षीला चुण्या पडल्यात, मोज्यात पायाची बोटं धाग्यांत अडकतात, ब्लँकेटच्या कडा गुंडाळल्या जातात आणि लाल लोकर पांढरीत उतरेल अशी भीती वाटते. यातलं बहुतेक सगळं सुधारतं, फक्त क्रम चुकवू नका. आधी मागचे आडवे धागे (न विणलेल्या रंगाचे, टाक्यांमागून जाणारे) तपासा, मग धाग्यांची सुटी टोकं ओवा, मग धुवा, आकार देऊन वाळवा, आणि टोकं सगळ्यात शेवटी कापा. धुण्याआधी कापलेलं टोक हमखास पुढे डोकावतं, कारण लोकर भिजली की टाके आपापल्या जागी सरकतात आणि आखूड टोक त्यांच्याबरोबर ओढलं जातं.

काम उलटं करा आणि नक्षीचा पट्टा दोन्ही हातांनी आडवा ताणा. टाके उघडायच्या आधीच मागचा धागा तारेसारखा ताठ होत असेल, तर तो विणतानाच घट्ट ओढला गेलाय. थोडीशी चुणी धुण्यात जाते. पण टोपीचा पट्टा डोक्यावरून उतरत नसेल किंवा मोजा टाचेवरून चढत नसेल, तर धुऊन तो मोठा होईल या आशेवर राहू नका. धाग्यात सैलपणाच नाही, तो येणार कुठून? तेवढा भाग उसवून, उजव्या सुईवरचे टाके पसरून, पुन्हा विणावा लागेल. हे सांगताना मलाही वाईट वाटतं, पण कपाटात पडून राहणाऱ्या मोज्यापेक्षा ते बरं.

उलट, मागचे धागे लांब आणि लोंबते असतील तर उसवायची गरज नाही. पाच टाक्यांपेक्षा लांब धागा मोज्यात बोटाला अडकतोच. पुढे त्या जागी ज्या रंगाचे टाके आहेत, त्याच रंगाचा बारीक धागा सुईत घ्या आणि लोंबता धागा मध्यावर टाक्याच्या मागच्या उंचवट्याला टाचा. सुई उंचवट्याच्या अर्ध्या जाडीतूनच काढा, आरपार नाही. टाचून झालं की ती जागा पुन्हा ताणून बघा. मध्येच एखादा टाका चुकीच्या रंगात विणला गेला असेल, तर त्यावर योग्य रंगाच्या धाग्यानं टाक्याच्या वळणानंच दुसरा टाका भरा. चार-पाच टाक्यांपर्यंत हे कळतही नाही. त्याहून जास्त भरले तर तो भाग जाड आणि ताठ होतो.

टोकांसाठी लोकरीची बोथट सुई घ्या. टोक किमान 15 सेमी असावं. ते त्याच रंगाच्या टाक्यांमागून 4-5 सेमी न्या, मग एक टाका सोडून दिशा बदलून 2-3 सेमी परत आणा. एकाच दिशेनं ओवलेलं टोक कापड ताणलं की निसटतं. गुळगुळीत लोकर किंवा ॲक्रिलिक असेल तर परत येताना सुई धाग्यांच्या पिळातून घाला, म्हणजे पकड बसते. गाठ मारू नका, मोज्यात तर मुळीच नको: ती पायाला टोचते आणि बऱ्याचदा पुढे येते. गोल विणलेल्या कामात नवा रंग सुरू होतो तिथे एक पायरी दिसते. तिथली जुनी आणि नवी टोकं एकमेकांना ओलांडून विरुद्ध दिशांना ओवा आणि ओढताना पुढून बघत राहा. पायरी बरीचशी मिटते.

मोज्याचा चवडा शिवणीशिवाय बंद करा. दोन्ही सुयांवर सारखे टाके, सुया समांतर, उलट बाजू आत, आणि जोडाच्या रुंदीच्या चौपट धागा. सुरुवातीला पुढच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात धागा ओवलेली बोथट सुई उलट टाक्यासारखी आणि मागच्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात सुलट टाक्यासारखी घाला. दोन्ही टाके सुयांवरच राहू द्या. त्यानंतर पुढे: पहिल्यात सुलट, टाका सोडा, दुसऱ्यात उलट, टाका ठेवा. मागे: पहिल्यात उलट, सोडा, दुसऱ्यात सुलट, ठेवा. हेच शेवटपर्यंत. दर पाच-सहा टाक्यांनी सुईच्या टोकानं धागा ओढून आजूबाजूच्या टाक्यांइतका करा. एकदम शेवटी ओढाल तर बोटांवर कडक रेघ तयार होते.

टोपीत शेंड्याचे उरलेले 6-8 टाके धाग्यावर घेऊन दोनदा ओवा आणि आतून ओढून बंद करा. कड दुमडायची असेल तर तिथलं टोक दुमड लक्षात घेऊन ओवा, नाहीतर ते बरोबर कपाळावर येतं.

धुण्याआधी लाल लोकरीवर ओला पांढरा सुती कपडा दोन-तीन मिनिटं दाबून धरा. डाग आला तर भिजत ठेवू नका: भरपूर थंड पाण्यातून पटकन काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून घ्या आणि घडी न घालता वाळवा. ओल्या घडीत लाल पांढऱ्यावर टेकला की डाग बसतो. रंग न जाणारी लोकर कोमट पाण्यात, लोकरीच्या द्रव साबणात 20 मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका, गरम पाण्यातून एकदम थंडात घालू नका. त्यानं लोकर आटते आणि ती परत उलगडत नाही. मशीनमध्ये धुता येणारी लोकर ओली असताना फार लांबते, म्हणून उचलताना खालून आधार द्या. ॲक्रिलिकला इस्त्री टेकवू नका, उष्णतेनं ते कायमचं लिबलिबीत होतं.

टोपी डोक्याच्या घेरापेक्षा 2-3 सेमी कमी फुगवलेल्या फुग्यावर वाळवा, पण एक सुलट एक उलट विणलेली पट्टी मोकळी राहू द्या. ती ताणून वाळली तर तिचा आवळपणा जातो. मोज्यांसाठी पायाच्या आकाराचा पुठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घाला.

ब्लँकेटच्या कडा धुऊन सपाट होणार नाहीत. फक्त सुलट दिसणारी वीण वळतेच, तो तिचा स्वभाव आहे. आधी ब्लँकेट धुऊन, पिना लावून, पूर्ण वाळवून मोजा. मग कडेचे टाके उचलून पुढून आणि मागून दोन्हीकडून सुलट विणलेली 4-5 सेमी पट्टी करा. साध्या विणीत उभ्या कडेला चार ओळींमागे तीन टाके उचलतात. दुरंगी विणीत टाका जवळजवळ चौकोनी असतो, तिथे हे प्रमाण कमी पडून कड आवळते. पट्टीच्या विणीचा छोटा नमुना विणा, 10 सेमीत किती टाके बसतात ते मोजा आणि कडेच्या लांबीनुसार आकडा काढा. चारही बाजू एकत्र विणत असाल तर कोपऱ्याच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एक ओळ सोडून एकेक टाका वाढवा, नाहीतर कोपरे आत वळतात.

मागे आडवे धागे असलेल्या ब्लँकेटला अस्तर लावाच, विशेषतः लहान मुलासाठी असेल तर. सुती कापड आधी धुऊन आटवून घ्या, चारही बाजूंनी दीड सेमी जास्त कापून ती आत दुमडा आणि हातानं सैल टाके घालून शिवा. विणलेलं कापड ताणतं, अस्तर ताणत नाही, म्हणून घट्ट शिवण ब्लँकेटला आवळते. मध्ये दर 20-25 सेमीवर एक छोटा टाका फक्त मागच्या आडव्या धाग्यात अडकवा, म्हणजे अस्तर फुगणार नाही. अस्तर लावण्याआधी मात्र टोकं 1 सेमी ठेवून कापून घ्या, नंतर हात पोहोचणार नाही.