चाळिशीनंतर पहिलं ब्रास वाद्य, म्हणजे पितळी फुंकवाद्य, शिकायचं आहे. ट्रम्पेट घ्यावा की दुसरं काही?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, पेटीवर प्रवेशिका पूर्ण या परीक्षेपर्यंत झालंय, राहायला फ्लॅटमध्ये, मनात ट्रम्पेट आहे, पण ‘या वयात तो जमत नाही’ असं दोघातिघांनी सांगितलंय. वयाचं आधी निकालात काढू. फुप्फुसांची ताकद कुठल्याही निरोगी मोठ्या माणसाकडे पुरेशी असते. बघायचे ते पुढचे दात. ते हलत असतील, कवळी असेल किंवा नुकतंच इम्प्लांट झालं असेल, तर आधी दंतवैद्याला विचारा. काचबिंदू किंवा हर्निया असेल तर त्या त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका, कारण वरचे स्वर जोर लावून फुंकताना डोळ्यातला आणि पोटातला दाब वाढतो. मिशीची काही अडचण नाही.

‘ट्रम्पेट अवघड’ हे लोक म्हणतात ते अगदीच खोटं नाही, पण त्याचं कारण माउथपीसमध्ये, म्हणजे ओठाला लावायच्या वाटीसारख्या सुट्या तुकड्यात, आहे. ब्रासमध्ये पेटीसारखी धातूची पट्टी नाही की सनईसारखी पत्ती नाही. तुमचे ओठच थरथरतात. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास १६ ते १७ मिमी, ट्रॉम्बोन आणि यूफोनियम या मोठ्या ब्रास वाद्यांचा २५ मिमीच्या आसपास, सगळ्यात मोठ्या ट्यूबाचा ३२. वर्तुळ लहान, तेवढा थरथरणारा ओठ कमी, आणि तो ताणून धरायला तोंडाच्या कोपऱ्यांचे स्नायू घट्ट लागतात. ते स्नायू तयार व्हायला महिने जातात. २५ मिमीच्या माउथपीसमध्ये ओठ सैल राहिला तरी गोल आवाज निघतो, त्यामुळे ट्रॉम्बोनवर पहिल्याच दिवशी बरं वाटतं.

म्हणून वाद्य ठरवण्याआधी दुकानात किंवा ओळखीच्या वादकाकडे जाऊन दोन्ही मापांचे माउथपीस ओठाला लावून बघा. नुसता माउथपीस नको, वाद्याला लावून. प्रत्येकी दहा मिनिटं. ओठ ‘म’ म्हणताना मिटतात तसे मिटा, कोपरे घट्ट ठेवा, गाल फुगवू नका आणि हवा सोडा. कोणत्या वाद्यावर मोठा आवाज आला हे महत्त्वाचं नाही. कोणत्यावर एकच स्वर चार-पाच सेकंद न डगमगता टिकला, ते बघा. जाड ओठवाल्यांनी मोठं आणि पातळवाल्यांनी लहान वाद्य घ्यावं, हा सर्रास ऐकू येणारा नियम सोडून द्या. उलटी उदाहरणं हवी तितकी सापडतात.

पर्याय थोडक्यात. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटच्याच लांबीची, साधारण दीड मीटरची नळी, पण जास्त निमुळती. आवाज मऊ, वाद्य अंगाजवळ राहतं. चांगला मिळाला तर ट्रम्पेटच्या आधी त्याचा विचार करा. बोटं तीच, पुढे ट्रम्पेटवर जाणं सोपं. फक्त ट्रम्पेटचा माउथपीस कॉर्नेटला बसत नाही, कॉर्नेटचा दांडा बारीक असतो. यूफोनियम सगळ्यात गोड आणि सुरुवातीला सगळ्यात दयाळू, पण चार-पाच किलो वजन, किंमत जास्त आणि बरं जुनं मिळणं कठीण. ट्रॉम्बोनमध्ये व्हॉल्व्ह (स्वर बदलायला बोटाने दाबायच्या दट्ट्या) नाहीत, सरकणाऱ्या नळीच्या सात जागा कानाने शोधायच्या. पेटीवाल्यांना ही सवय नसते, गाणाऱ्यांना असते. मींड घ्यायची हौस असेल तर मात्र याच्या जवळपास दुसरं ब्रास येत नाही. फ्रेंच हॉर्न पहिलं वाद्य म्हणून नको. त्यावर वरचे स्वर एकमेकांना इतके चिकटून असतात की नेमका हवा तो स्वर लागणं हीच मोठी कसरत. ट्यूबाला फ्लॅट लहान पडतो.

आता पेटीचा फायदा. ट्रम्पेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन ही बहुतेक ‘बी फ्लॅट’ची, म्हणजे आपल्या हिशोबात काळी पाचची वाद्यं. काळी पाच सा धरा, तानपुऱ्याचं अ‍ॅप त्याच पट्टीत लावा, आणि ट्रम्पेटवर सप्तक असं येतं: सा मोकळा, रे पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह, ग पहिला आणि दुसरा, म पहिला, प मोकळा, ध पहिला आणि दुसरा, नी दुसरा, तार सा मोकळा. कोमल रे तिन्ही, कोमल ग दुसरा-तिसरा, तीव्र म दुसरा, कोमल ध दुसरा-तिसरा, कोमल नी पहिला. सा, प आणि तार सा तिन्ही मोकळे, फरक फक्त ओठाचा आणि हवेचा, हे इथेच लक्षात येईल. रे आणि कोमल रे मुळातच थोडे चढे बोलतात, त्यासाठी तिसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीला कडी असते. बोटाने ती नळी जराशी पुढे ढकलायची. पेटीवर स्वर तयार मिळतो, इथे तो प्रत्येक वेळी लावावा लागतो. ट्रॉम्बोनवर त्याच काळी पाचला जागा अशा: सा १, रे ६, ग ४, म ३, प १, ध ४, नी २, सा १. सहाव्या जागेवर हात जवळजवळ पूर्ण ताणला जातो. हात आखूड असतील तर दुकानातच ताणून बघा.

चांगला कॉर्नेट समोर आला नाही, तर सगळं धरून तुम्हाला माझा सल्ला ट्रम्पेटच, दहा मिनिटांच्या चाचणीत ओठाने अगदीच नकार दिला नाही तर. कारण व्यावहारिक आहे. आपल्याकडे लग्नाच्या आणि गणपतीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे सगळ्यात जास्त, पोलीस आणि लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादकही शिकवतात, आणि तेल, म्यूट (आवाज दाबायला वाद्याच्या तोंडात बसवायचं बूच), माउथपीस हे सामान सहज मिळतं. शिक्षक निवडताना त्यांना एक लांब स्वर अगदी हळू वाजवून दाखवायला सांगा. रस्त्यावर मिरवणुकीत वाजवायची सवय असलेले काही जण फक्त मोठ्यानेच वाजवतात, आणि ओठावर दाबून वाजवायची तीच खोड शिष्याला लागते.

खरेदी. नवा घ्यायचा तर यामाहाचा वायटीआर-२३३० हा विद्यार्थ्यांचा मॉडेल डोळे झाकून घ्यावा असा आहे. ट्रॉम्बोन घेतलात तर त्यांचाच वायएसएल-३५४, १२.७ मिमी नळीचा. मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनतात आणि स्वस्त पडतात, पण नगागणिक फरक असतो, त्यामुळे फोटोवरून मागवू नका, वाजवून घ्या. ऑनलाइन मिळणारे लाल-निळे रंगवलेले स्वस्त सेट टाळा. त्यांचे व्हॉल्व्ह बिघडले की सुटे भाग मिळत नाहीत. प्लास्टिकचा ट्रॉम्बोन सुरुवातीला चालतो, हलका असतो. प्लास्टिकच्या ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह मला भरवशाचे वाटत नाहीत. पॉकेट ट्रम्पेट आवाजाने लहान असेल असं समजून घेऊ नका. नळी तेवढीच असते, फक्त जास्त गुंडाळलेली.

जुना घेताना तीन गोष्टी बघा. व्हॉल्व्ह न दाबता दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी नळी ओढून काढा. ‘पॉक्’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहेत, काहीच आवाज नाही आला तर झिजलेत आणि हवा गळते. मग माउथपीस काढून ज्या नळीत तो बसतो तिच्यात टॉर्च मारा. आत किंवा बाहेर गुलाबी-लाल ठिपके दिसले, तर पितळेतलं जस्त निघून चाललंय. तो डाग घासून जात नाही, पुढे तिथे भोक पडतं. तिसरं, सगळ्या नळ्या हाताने सरकतात का. अडकलेल्या नळीचा दुरुस्तीखर्च किमतीतून कापून घ्या. घंटेवरचा, म्हणजे वाद्याच्या पुढच्या पसरट तोंडावरचा, पोचा दिसायला वाईट, पण त्याने सहसा काही अडत नाही. माउथपीस बाख कंपनीच्या ७सी किंवा ५सी मापाचा घ्या आणि वर्षभर बदलू नका.

फ्लॅटसाठी प्रॅक्टिस म्यूट घ्या. साधा म्यूट त्या कामाचा नाही. प्रॅक्टिस म्यूटने शेजारी वाचतात, पण फुंकर उलटी अडते आणि स्वर थोडा चढतो, म्हणून रोज निदान निम्मा वेळ मोकळं वाजवायला जागा शोधा. सोसायटीची गच्ची, पार्क केलेली गाडी, काहीही चालेल.

पहिले दोन महिने दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरे, सलग अर्धा तास नको. जेवढं वाजवाल तेवढी विश्रांती: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० वर, प आठ मात्रा, मग आठ मात्रा गप्प. प सर्वांत आधी, मग सा, मग व्हॉल्व्ह न दाबता सा-प-सा एकाच फुंकरीत. तार सा दोन महिन्यांत आला नाही तरी काही बिघडत नाही. तो ओढून आणायला जे ओठावर वाद्य दाबतात, त्यांचाच पुढे वर्षभर अडकतो, कारण दाबाने ओठाचं रक्त थांबतं आणि थरथर बंद होते. वाजवून झाल्यावर ओठावर वर्तुळ उमटणारच, पण ते अर्ध्या तासानेही गेलं नाही किंवा ओठ सुजला, तर दाब जास्त आहे. आवाजात नुसती ‘फुस्स’ हवा जास्त असेल तर ओठांमधली फट मोठी आहे, ती किंचित मिटा. आणि स्वर एकदम गुरगुरला, तर बहुतेक वेळा नळीत पाणी साठलेलं असतं. पाणी काढायची खालची किल्ली दाबून फुंकून टाका.

देखभाल. व्हॉल्व्हना व्हॉल्व्ह ऑइलच, एक दिवसाआड तीन-चार थेंब. शिवणयंत्राचं तेल चिकटतं आणि खोबरेल थंडीत गोठतं. तेल घालून परत बसवताना व्हॉल्व्हवरचा १, २, ३ आकडा बघा आणि ‘टक्’ होईपर्यंत फिरवा. तेल घातल्यावर फुंकर आतच अडली, तर नव्याण्णव टक्के वेळा व्हॉल्व्ह अदलाबदल झालाय किंवा फिरलाय. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात धुवा, गरम पाण्याने लॅकर, म्हणजे पितळेवरचा चकचकीत लेप, सुटतं. पितांबरी तर चुकूनही लावू नका, ती लॅकरसकट घासून काढते. चहा किंवा गोड खाऊन लगेच वाजवायला बसायचं असेल तर चूळ भरा. पावसाळ्यात वाद्य आठवडाभर त्याच्या खोक्यात ओलं राहिलं की व्हॉल्व्ह अडकून बसतात, म्हणून ठेवण्याआधी पाणी काढा. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते. दुरुस्तीवाल्याकडे तो काढायचं खास साधन असतं, त्याचं दोन मिनिटांचं काम आहे.