‘मॅडम, मुलगा म्हणतो कॅनडात गांजा चालतो. मी काय बोलू?’

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या आईबापांनी विचारलाय की एका घराची गोष्ट, ओळख पुसून, सांगतेच.

मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. सॅकमध्ये गांजाची पुडी सापडली. बाबा कात्रणांची फाइल घेऊन आले, मुलगा मोबाइल घेऊन. गांजाला कुठे कधी परवानगी मिळाली, उरुग्वे २०१३, कॅनडा २०१८, जर्मनी २०२४, सगळं त्याला तोंडपाठ. ‘दारूला परवाना, मग याला का नाही? दुकानात तपासलेला माल मिळेल, पोरं तुरुंगात जाणार नाहीत.’ बाबांकडे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा: थोडा गांजा सापडला तरी वर्षापर्यंत कैद. शिवाय कोवळ्या मेंदूवर होणारा परिणाम.

‘दोघांचंही बरंच खरं आहे,’ मी म्हटलं. बाबांना ते आवडलं नाही.

तिसऱ्या भेटीत मुलापुढे कोरा कागद ठेवला. ‘कायदा तूच कर. कलमं लिही.’

तो खूश झाला. दुकानाला परवाना. जाहिरात बंद. ओढून गाडी चालवायची नाही. चौथं कलम: वय २१ पूर्ण.

‘जर्मनीत १८ आहे. तुझं २१ का?’

पेनाचं टोपण तो काढत-घालत राहिला. ‘बहीण दहावीत आहे.’ मी काहीच बोलले नाही. पंखा फिरत होता. ‘मी अकरावीत सुरू केलं, मॅडम. आता ओढल्याशिवाय झोपच लागत नाही.’

त्या क्षणी उरुग्वे, कॅनडा सगळे खोलीबाहेर गेले. वर्षानुवर्षं हे काम करताना माझी खात्री झालीय की दुसऱ्याचं म्हणणं माणूस खोडून काढतो, स्वतःच्या तोंडून निघालेलं त्याला खोडता येत नाही. म्हणून मी वाद जिंकायला जात नाही.

माझं मत विचाराल तर ओढणाऱ्या पोराला कोठडीत टाकून काही साधत नाही. पण कायदा उद्या बदलला तरी सोळाव्या वर्षी सुरू केलेल्याला सवय जडण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्तच राहणार. आईबापांनो, कायद्यावर मुलाशी खुशाल बोला. पण ‘कधी ओढतोस? त्याआधी काय वाटतं?’ हे आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. उपचाराला नेलं तर पोलीस केस होईल ही भीतीही अनेकांना असते. एनडीपीएस कायद्याच्याच कलम ६४अ मध्ये थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसाला, तो स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर, खटल्यापासून संरक्षण आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

बंद केल्यावर पहिले आठवडा-दोन आठवडे चिडचिड होते, झोप उडते. ‘पुन्हा ओढलीस ना!’ असं तेव्हा म्हणू नका. या बाबांना मी हे लिहूनच दिलं. फाइल घरी ठेवून ते रोज रात्री मुलाबरोबर उपवन तलावाला फेरी मारू लागले. पहिले चार दिवस दोघंही एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मुलगाच म्हणाला, ‘बाबा, अजून एक राउंड मारू या.’