नर्सना मृत्यूची सवय होते का?

तुम्ही लिहिलंय की बहीण जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डात पहिल्यांदा पेशंट डोळ्यांदेखत गेला आणि तेव्हापासून तिला धड जेवण जात नाही. मी 19 वर्षं नर्स आहे, बरीचशी मेडिसिन वॉर्डात आणि आयसीयूत. कामाची सवय होते. बाकीचं नंतर कधीतरी गाठतंच.

एका नाइटला पहाटे पावणेसहाला एक आजी गेल्या. सीपीआर झाला (छाती दाबून हृदय सुरू करायचा प्रयत्न), डॉक्टरांनी ईसीजी काढला, सरळ रेघेची पट्टी फाइलला लावली, वेळ लिहिली. ट्रेमध्ये त्यांच्या सहाच्या इंजेक्शनची सिरिंज भरून ठेवलेली. ती टाकली आणि बाकीच्या खाटांना सहाचे डोस द्यायला निघाले. त्या वेळी काहीच वाटलं नाही. दोन दिवसांनी घरी कणीक मळता मळता रडू फुटलं.

घरच्यांना सुतक असतं, दहावा असतो, तेरावा असतो. आम्हांला त्याच खाटेवर नवीन चादर घालायची असते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेस मात्र अरुणा शानबाग यांच्या घरच्याच झाल्या होत्या. 1973 मध्ये हॉस्पिटलातच झालेल्या हल्ल्यानंतर अरुणाताई कायमच्या अंथरुणाला खिळल्या; जवळजवळ 42 वर्षं तिथल्या नर्सेसनी आपल्या या सहकारी नर्सला सांभाळलं, दयामरणाच्या मागणीला ठाम विरोध केला. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मागणी फेटाळली. 18 मे 2015 ला अरुणाताई गेल्या. दयामरणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, पण त्या नर्सेसना मनापासून रडता आलं, याचा मला हेवा वाटतो.

मला स्वतःला सावरतं ते शेवटचं काम. नळ्या काढायच्या (एमएलसी, म्हणजे पोलीस केस असेल तर तशाच ठेवायच्या), अंग पुसायचं, डोळे मिटायचे, हनुवटीखालून बँडेज बांधायचं, पायाचे अंगठे बांधायचे, नावाची चिठ्ठी लावायची. मी तेव्हाही बोलते, "आजी, कुशीवर वळवते हं." वॉर्डातल्या मावशीही बोलतात, एक तर जाणाऱ्याचे केस विंचरल्याशिवाय सोडत नाहीत. वळवताना कधीकधी छातीत राहिलेली हवा बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातली चादर टाकून पळाले होते. कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बहिणीला सांगून ठेवा.

वरच्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका म्हणावं. एकदा पेशंट गेल्यावर नातेवाइकांनी वॉर्डाच्या दाराची काच फोडली. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली ती काचेची. आमचं मन मोकळं होतं ते पँट्रीत, चहा पिताना, बरोबरीच्या सिस्टरजवळ. तिथे आम्ही हसतोही. बाहेरच्याने ऐकलं तर काय निर्दय बायका म्हणेल.

बहिणीला एखादी जुनी सिस्टर शोधायला सांगा, जी शेवटच्या तयारीला तिला बरोबर घेईल, पळवून लावणार नाही. लांबून बघण्यापेक्षा हात लावल्यावर भीती कमी होते, निदान माझी तरी झाली. महिनाभरातही जेवण-झोप जागेवर आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि घरी "काय झालं, काय झालं" म्हणून तिच्या मागे लागू नका. माझ्या सासूबाई नाइटवरून आल्यावर माझ्या तोंडाकडे एकदा बघतात, आंघोळीचं पाणी काढतात आणि त्या दिवशी भाजी निवडायला मला बोलवत नाहीत.