इंग्लंडच्या थंडीत पॅडलबोर्डिंग करावं, की बोर्ड मार्चपर्यंत गुंडाळून ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की रेडिंगला नवीन आलात, उन्हाळ्यात पॅडलबोर्ड, म्हणजे वर उभं राहून वल्हवायचा, हवा भरायचा बोर्ड घेतला, टेम्स नदीवर छान जमायला लागलं, आणि पोहता उत्तम येतं, मग थंडीत हरकत काय? मी याच भागात राहते आणि हिवाळ्यातही बोर्ड बाहेर काढते, त्यामुळे माझं उत्तर 'जरूर करा' असंच आहे. पण पोहता येतं या भरवशावर नको.

पाणी साधारण १५ अंशांच्या खाली असलं आणि माणूस त्यात अचानक पडला, की शरीर त्याचं ऐकत नाही. पडताक्षणी मोठा श्वास आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणीही. पाठोपाठ धाप लागते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो. जानेवारीत टेम्सचं पाणी सहा-सात अंशांवर येतं, त्यात पट्टीचा पोहणाराही सुरुवातीला नुसता धापाच टाकतो. हा झटका एक ते तीन मिनिटांत ओसरतो. तोवर हातपाय मारू नका, पाठीवर पडून तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या. इथली लाइफबोट संस्था आरएनएलआय 'फ्लोट टू लिव्ह' म्हणून हेच कानीकपाळी ओरडत असते. त्यासाठी बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं जाकीट, अंगात घातलेलं हवं. बोर्डाच्या दोरीत खोचून ठेवलेल्याचा काही उपयोग नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडूच नका.

धाप ओसरली की साधारण दहा मिनिटं हात कामाचे राहतात. पुढे बोटं अशी होतात की बकल डोळ्यांसमोर असतं, बोट त्यावर टेकलेलं असतं, पण दाब पडत नाही. हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक इतकं उतरणं, व्हायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो; बरेच जण त्याच्या आधीच, हात चालेनासे झाल्यामुळे बुडतात. म्हणून पाणी अजून बरं आहे तोवर, काठाजवळ आणि कुणाला तरी सोबत घेऊन, मुद्दाम पडा आणि बोर्डावर चढायचा सराव करा. बोर्डाच्या मधल्या हँडलला धरा, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत झाडा आणि पोटावर सरकत वर या. पाय बोर्डाखाली लोंबकळत असतील तर जन्मात चढता येत नाही.

कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घालायचे. ऊन पडलंय म्हणून ट्रॅकपँट आणि स्वेटशर्टवर निघालेले महाभाग इथे दर हिवाळ्यात दिसतात. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब शोषतो. पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे भिजला तरी ऊब धरणारा रबरी सूट, घ्या. बजेट असेल तर पाणी आत येऊच न देणारा ड्रायसूट, आणि त्याच्या आत लोकर किंवा फ्लीस. पैसे वाचवायचेच असतील तर बुटांवर वाचवू नका. बोर्डावर सतत थोडं पाणी येत राहतं, पाय त्यात तासभर असतात, आणि तळवे बधिर झाले की तोलच कळत नाही. निओप्रीनचे (वेटसूटच्या रबराचे) बूट अर्ध्या नंबराने सैल घ्या. घट्ट बुटांत पाय जास्त गार पडतात.

आता नदी. हिवाळ्यात मला थंडीपेक्षा प्रवाहाची जास्त भीती वाटते. टेम्सच्या लॉकवर, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या टप्प्यावर, पाटी असते: पिवळी म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा उतरतोय, लाल म्हणजे जोरात आहे. एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या साइटवर ती घरबसल्या दिसते. लाल असेल तर विषय संपला. पिवळी असली तरी मी टेम्सवर जात नाही, बंदिस्त तलाव गाठते. बंधाऱ्याच्या, म्हणजे विअरच्या, आसपास तर कधीच नको. वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्टला ३० ऑक्टोबर २०२१ रोजी पूर आलेल्या नदीत पॅडलबोर्डवाल्यांचा एक गट विअरवरून गेला आणि चौघांचा जीव गेला. वाहत्या पाण्यात घोट्याला बांधलेली लीश, म्हणजे बोर्ड तुमच्याशी जोडून ठेवणारी दोरी, कुठे अडकली, तर प्रवाहात वाकून ती सोडवता येत नाही. नदीवर कमरेची, एका हिसक्यात सुटणारी लीशच वापरा, आणि ती हातमोजे घालून सोडून बघा. तलावावर घोट्याची चालते. तिथे लीश नसेल तर वारा बोर्ड तुमच्यापेक्षा वेगाने पळवून नेतो.

फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये अंगावरच ठेवा. कुठे निघालात, किती वाजता परत येणार, हे घरी सांगा. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो हे आपल्याकडच्या माणसाला पहिल्या वर्षी खरंच वाटत नाही. आणखी एक, बोर्ड उबदार खोलीत १५ पीएसआयला (हवेच्या दाबाचं एकक) भरून पाच अंशांत नेला तर दाब दीड पीएसआयने उतरतो. पंप सोबत घ्या, काठावर पुन्हा तपासा.

एवढा खटाटोप कशाला? भाड्याच्या मोटरबोटी हिवाळ्यात जवळपास नसतातच, त्यामुळे लाटा नाहीत. वारा पडलेला असेल त्या सकाळी तलाव तव्यासारखा सपाट असतो. झाडांची पानं गळलेली, त्यामुळे किंगफिशर लांबूनच दिसतो, उन्हाळ्यात नुसता आवाज यायचा. मी पाऊण तासाच्या वर थांबत नाही आणि काठ सोडून लांब जात नाही. तेवढ्यात मन भरतं.

बाहेर आल्यावर आधी ओले कपडे काढा, मग गप्पा. अंगाचं तापमान पाण्याबाहेर आल्यावरही थोडा वेळ उतरत राहतं, म्हणून थंडी दहा मिनिटांनी जास्त वाजते. टोपी घाला, थर्मासमधला आल्याचा चहा प्या. पाण्यात पडला असाल तर लगेच कडक गरम शॉवर नको, चक्कर येऊ शकते. आणि हुडहुडी थांबेपर्यंत गाडी चालवायला घेऊ नका.